त्रिरश्मीवरील ग्लानभेषजाची अक्षयनीवी

नाशिकच्या नैर्ऋत्येस सुमारें पांच मैलांवर, मुंबईच्या रस्त्यालगत, जो डोंगर लागतो तोच शिलालेखांतील त्रिरश्मि पर्वत होय. तेथील लेण्यांस लोक पांडवलेणीं म्हणतात. लेण्यांतील लेखांचें वाचन प्रथम पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं नीट लाविलें व तें १८८३ च्या नाशिक ग्याझेटियरांत आलें; पुढें फ्रेंच पंडित सेनार यांनीं ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडांत त्यांची सटीप आवृत्ति काढिली. क्षहरात व सातवाहन यांच्या कालनिर्णयाच्या वादांत हे लेख इतके वेळां पुढें आणले गेले आहेत कीं, त्यांतील व्यवहाराच्या भागाकडे लक्ष देण्यास कोणास फारशी सवड झाली नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही त्या भागांतील एकच गोष्ट पाहणार आहों. मनुष्याच्या देहावर रोग, अपघात व प्रवास यांमुळें जी संकटें येतात त्यांची तरतूद या क्षेत्रीं कोणीं, केव्हां व कोणाच्या हवालीं केली, इतकाच आमचा प्रश्न आहे.

विषयास आरंभ दहाव्या लेण्यापासून करणें सोयीचें. हें लेणें नहपानाचा जांवई, दीनीकाचा पुत्र उषवदात यानें खोदविलें. वर्ष ४२, वैशाखमासच्या लेखांत (हें वर्ष शककालाचें मानल्यास इ. स. १२०) त्यानें भिक्षुसंघास तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी दिल्याचें नमूद आहे. रक्कम संघाच्या हातीं दिलेली नाहीं. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका निकायाकडे दोन हजार, दरमहा दर शेंकडा एक या व्याजानें; दुसऱ्या निकायाकडे एक हजार, दरमहा दर शेंकडा पाऊण या व्याजानें. मूळ लेखांत या पाऊणास ‘पायून’ असा शब्द आहे. आमच्या बाजारांत आजही तोलला व मोजला जाणारा हा शब्द दगडावर एकोणीसशें वर्षें बसून आहे, हें वाचकांच्या नजरेस आणल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

आतां हिशेब पाहावा. दोन हजारांचें व्याज महिना वीस, वर्षास दोनशें चाळीस. लेख सांगतो कीं, येथें वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं मिळावे. वीस बारे दोनशें चाळीस. एक कवडी कमी नाहीं, एक जास्त नाहीं. दात्यानें पुण्याच्या भरांत आंकडा उच्चारलेला नसून आधीं गरज मोजली, मग व्याजाचा दर ठरविला, आणि त्यावरून मुद्दल काढिलें. मुद्दल परत द्यावयाचें नाहीं, फक्त वृद्धि भोगावयाची, अशी अट आहे. आणि हा सर्व व्यवहार निगमसभेंत वाचून दाखविला व रीतीप्रमाणें फलकावर नोंदविला, असेंही लिहिलें आहे. दप्तर चाळणाऱ्या आमच्या मित्रांस त्या शेवटच्या वाक्याचें मोल सांगावयास नको.

याच लेण्याच्या अंगणांत पुढील शतकांतला आणखी एक लेख आहे. तो आभीर शिवदत्ताचा पुत्र राजा माढरीपुत्र ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा. कित्येक विद्वान् हें वर्ष कलचुरि-चेदि कालगणनेचें धरितात. तसें धरल्यास लेख इ. स. २५७ च्या सुमारास येतो. दान करणारी स्त्री आहे: विष्णुदत्ता, शक अग्निवर्म्याची कन्या, गणपक रेभिलाची भार्या, गणपक विश्ववर्म्याची माता, व स्वतः उपासिका. तिनें दिलेली अक्षयनीवी चीवरासाठीं नव्हे, अन्नासाठींही नव्हे. त्रिरश्मीवरील विहारांत राहणाऱ्या चातुर्दिश भिक्षुसंघांत जे आजारी पडतील त्यांच्या औषधासाठीं ती आहे. लेखांतील शब्द ‘गिलानभेषज’ असा आहे. संस्कृतांत तो ग्लानभेषज होईल. ग्लान म्हणजे केवळ ज्वरानें पडलेला असें नव्हे. ज्याच्या देहाची शक्ति कोणत्याही कारणानें क्षीण झाली तो ग्लान. कड्यावरून पाय घसरून पडलेला भिक्षु यांत येतो, सर्पदंश झालेलाही येतो.

बौद्ध विनयांत भिक्षूच्या चार गरजा सांगितल्या आहेत: चीवर, पिंडपात, शयनासन व ग्लानप्रत्ययभेषज्य. त्यांतील शयनासन म्हणजे हें लेणेंच. चीवराची सोय वर आलीच. अन्नाकरितां उषवदातानें वाराहीपुत्र अश्विभूति नांवाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांस एक शेत विकत घेऊन संघास लाविलें होतें. म्हणजे पहिल्या तीन गरजा एका राजजामातानें भागविल्या. चौथी शंभराहून अधिक वर्षें तशीच राहिली, व ती एका गृहस्थ स्त्रीच्या ध्यानीं आली. हे चार धागे एकाच लेण्यांत असे जुळून यावे, याचें आम्हांस मोठें नवल वाटतें. आजारपणाची तरतूद शेवटीं यावी, याचें मात्र वाटत नाहीं. निरोगी मनुष्यास वस्त्र रोज आठवतें, औषध आठवत नाहीं.

विष्णुदत्तेनें पैसा ठेविला तोही श्रेणींकडे. कुलरिकांच्या श्रेणीकडे एक हजार, ओदयंत्रिकांच्या श्रेणीकडे दोन हजार. पुढें तिळपिष्टकांचें, म्हणजे आमच्या तेल्यांचें, नांव येतें. कुलरिक शब्दाचा अर्थ कोणी कुंभार करितात. ओदयंत्रिक म्हणजे उदकयंत्रें करणारे किंवा चालविणारे. तीं यंत्रें पाणी उपसण्याचीं कीं काल मोजण्याचीं, याविषयीं वाद आहे. गोदेच्या कांठीं मळे व बागा शिंपणाऱ्या गांवांत पहिला अर्थ आम्हांस अधिक संभाव्य दिसतो. उषवदाताच्या वरच्या दरानेंच धरलें तर केवळ या दोन श्रेणींकडील तीन हजारांचें व्याज वर्षास तीनशें साठ कार्षापण होतें. वीस चीवरांस दोनशें चाळीस पुरत होते हें लक्षांत घेतां, औषधाची ही तरतूद हातचें राखून केलेली नव्हती.

यांत ध्यानीं धरण्याची गोष्ट अशी कीं, द्रव्य वैद्यास दिलेलें नाहीं व रोग्यासही दिलेलें नाहीं. कोणी आजारी पडण्यापूर्वींच तें तिसऱ्याच्या, धंदा करून जगणाऱ्या व गांवांत पत असलेल्या मंडळीच्या, हातीं ठेविलें, आणि त्या मंडळीचें नांव खडकावर कोरलें. भिक्षूस औषध न मिळाल्यास कोणाच्या दारीं जावें हें लेणें चढणाऱ्या प्रत्येकास वाचतां येत होतें.

प्रवासांतील धोक्याकडेही त्या काळीं दुर्लक्ष नव्हतें. उषवदाताच्या दुसऱ्या लेखांत इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या सहा नद्यांवर त्यानें पुण्यार्थ नावा चालविल्याचें, आणि दोन्ही तीरांवर सभा व प्रपा, म्हणजे विसाव्याच्या जागा व पाणपोया, बांधल्याचें लिहिलें आहे. दमणगंगा, पार, तापी व डाहाणूची खाडी ज्यांनीं पावसाळ्यांत पाहिल्या आहेत त्यांस या दानाचा अर्थ सांगावा लागणार नाहीं. नावेचा पैसा जवळ नसलेला वाटसरू उतार शोधीत पाण्यांत पाऊल घालतो, व तेथेंच घात होतो. कांठावरील सभेचेंही कारण तेंच असावें: बसावयास छप्पर असलें म्हणजे मनुष्य पूर ओसरेपर्यंत थांबतो.

नावेचा विषय निघाला आहे तर शास्त्रकारांचें मत येथेंच सांगतों, कारण पुढें त्याचें काम पडणार आहे. मनूनें नावाड्यांच्या दोषानें उतारूंचें जें नुकसान होईल तें सर्व नावाड्यांनीं मिळून भरून द्यावें असें सांगितलें. दैवानें झाल्यास दंड नाहीं. कौटिल्य याच्याही एक पायरी पुढें जातो. नावेवर पुरेशीं माणसें नाहींत, साधनें नाहींत, किंवा नावेची डागडुजी झालेली नाहीं, आणि अशी नाव बुडाली, तर नुकसान भरून देण्याचा भार तो नावध्यक्षावर टाकतो. वल्हें मारणारा कितीही कुशल असला तरी फुटकी नाव त्याच्या कौशल्यानें तरत नाहीं, हें त्या व्यवहारचतुर ग्रंथकारानें ओळखलें होतें.

वैद्यांविषयींचे नियम याहून प्रसिद्ध आहेत. मनु व याज्ञवल्क्य हे दोघेही मिथ्याचिकित्सा करणाऱ्या वैद्यास दंड सांगतात. पशूंच्या बाबतींत कमी, मनुष्यांच्या बाबतींत मध्यम. याज्ञवल्क्य राजपुरुषाच्या बाबतींत उत्तम साहसापर्यंत जातो. ही शेवटची चढण आम्हांस रुचत नाहीं, पण ती आहे. कौटिल्याचा विचार अधिक सूक्ष्म. ज्या रोगांत जीवाची भीति आहे त्याची वर्दी न देतां उपचार आरंभिला व रोगी दगावला तर पूर्वसाहस दंड. उपचारांत चूक होऊन दगावला तर मध्यम. मर्मास इजा केली किंवा अंगांत वैगुण्य आणलें तर तो अपराध दंडपारुष्यांत, म्हणजे मारहाणीच्या सदरांत, जमा. सुश्रुतानें तर दंडाची वेळ येऊंच नये अशी व्यवस्था सांगितली: शिष्यानें छेदनाचा अभ्यास भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर, वेधनाचा मेलेल्या जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देंठांवर, शिवणाचा जाड वस्त्राच्या कडांवर करावा; हात बसल्यावर राजाची अनुज्ञा घेऊन मग धंद्यास लागावें. मुतखड्याच्या शस्त्रक्रियेपूर्वीं तो धन्याची परवानगी घ्यावयास लावितो, आणि कारण उघड देतो कीं, शस्त्र न चालविल्यास मरण निश्चित व चालविल्यास यश संशयित. आजच्या रुग्णालयांत नातेवाइकांची सही घेतात तिचें मूळ यापेक्षां निराळें नाहीं.

आतां मधलीं शतकें ओलांडून पेशवाईंत येतों. नाशिक व त्र्यंबक येथें सर्वांत मोठा धोका पूर्वींपासून गर्दीचा व पाण्याचा. पाण्यापुरती लोकांनींच एक खूण करून ठेविली आहे. रामकुंडाच्या खालीं पात्रांत उभा असलेला दुतोंड्या मारुति हें नाशिककरांचें पूर मोजण्याचें माप. पाणी मारुतीच्या गुडघ्यास लागलें, कमरेस लागलें, छातीस लागलें, असें सांगत गांव सावध होई. गंगापूरचें धरण झाल्यानंतरही २००८ च्या सप्टेंबरांत सबंध शहर मारुतीकडेच पाहत होतें. १७४७ सालीं नारोशंकर राजेबहादुर यांनीं बांधलेल्या रामेश्वर देवळाच्या घंटेविषयींही अशीच परंपरा आहे.

गर्दीस मात्र असें माप नव्हतें. शके १७११ म्हणजे इ. स. १७८९ च्या सिंहस्थांत स्नानाच्या अग्रमानावरून शैव संन्यासी व वैष्णव बैरागी यांच्यांत त्र्यंबकास मोठी कत्तल झाली. एका ताम्रपटांत मृतांचा आंकडा बारा हजार सांगितल्याचें प्रसिद्ध आहे. आम्हांस हा आंकडा फुगविलेला वाटतो. कुशावर्ताभोंवतालची जागा ज्यानें पावलांनीं मोजली आहे तो इतकीं शस्त्रधारी माणसें तेथें एका वेळीं उभीं करूं शकणार नाहीं. बारा वर्षांच्या पर्वणीस बारा हजार ही जोडीही जरा सोयीची दिसते. पण कत्तल झाली व ती भयंकर होती यांत शंका नाहीं, कारण तिचा परिणाम आजपावेतों चालू आहे: शैव आखाड्यांचें स्नान त्र्यंबकास कुशावर्तांत, वैष्णवांचें नाशिकास रामकुंडांत. हा तोड उत्तम होता. दोनशेंहून अधिक वर्षें त्यानें ते दोन पक्ष एकमेकांपासून दूर ठेविले. त्या व्यवस्थेंत मानाचा विचार झाला तितका मागें उभ्या असलेल्या प्रापंचिक यात्रेकरूचा झाला नाहीं, इतकेंच आमचें म्हणणें. आखाड्यांची मिरवणूक कोणत्या क्रमानें निघावी हें ठरलें. ती पाहावयास आलेल्या म्हाताऱ्या बाईनें कोठें उभें राहावें हें कोणीं ठरविलें नाहीं.

त्याचें प्रत्यंतर २७ ऑगस्ट २००३ रोजीं आलें. त्या दिवशीं शाही स्नान होतें. काळ्या रामाच्या देवळाकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद मार्गावर, सरदार चौकाजवळ, थोपवून धरलेला जमाव लोटला. अडथळे मोडले, पुढचे पडले, मागचे त्यांच्यावर आले. ३९ माणसें गेलीं, शंभराहून अधिक जखमी झालीं. मिरवणुकींतून उधळलेलीं नाणीं वेंचण्यास लोक धांवले म्हणून असें झालें, हें कारण त्या वेळीं वर्तमानपत्रांतून फार फिरलें. नाणीं निमित्त असतीलही. पण ज्या गल्लींत एक मनुष्य वांकला असतां चाळीस माणसें मरतात, त्या गल्लीचा दोष वांकणाऱ्याच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. सरदार चौकाची रुंदी व उतार हीं पर्वणीच्या दिवशीं उत्पन्न झालीं नव्हतीं. पेशवाईंतील वाडे बांधले गेले तेव्हांपासून तीं नाशिककरांच्या पायाखालचीं होतीं. पुढें चौकशीचा आयोग बसला. २०१५ च्या सिंहस्थांत चेंगराचेंगरी झाली नाहीं हें बंदोबस्ताचें श्रेय. पहिल्या पर्वणीस अडथळे इतके दूरवर लाविले कीं, यात्रेकरूंस मैलच्या मैल चालावें लागलें व गर्दीच रोडावली, अशी उलट तक्रार मात्र पुष्कळांनीं केली. पुढच्या पर्वण्या २०२७ सालच्या.

दुसरी घटना अधिक जवळची व आम्हांस अधिक असह्य. २१ एप्रिल २०२१, चैत्र शुद्ध नवमी. नाशिकास रामनवमी म्हणजे काय हें सांगणें नको. त्या वर्षीं साथीमुळें काळ्या रामाचा उत्सव भक्तांवांचून झाला. त्याच दिवशीं महानगरपालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयांत प्राणवायूच्या मोठ्या टांकीस, ती भरीत असतां, गळती लागली. आवारभर पांढरें धुकें पसरलें, नळांतील दाब उतरला, व कांहीं काळ रोग्यांस वायु पोहोंचेना. त्या दिवशीं २२ रोगी गेले. पुढें हा आंकडा २४ झाला. यांपैकीं कोणी रस्त्यावर पडलेला नव्हता. ज्यांस खाट मिळणें त्या दिवसांत भाग्याचें समजलें जात होतें, अशा भाग्यवंतांपैकींच ते होते. सरकारनें मृतांच्या वारसांस प्रत्येकीं पांच लाख रुपये देण्याचें जाहीर केलें, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमिली. उच्च न्यायालयानेंही या प्रकाराची दखल घेतली.

हें प्रकरण मिथ्याचिकित्सेच्या सदरांत बसत नाहीं. वैद्यांनीं औषध चुकीचें दिलें नव्हतें, शस्त्र मर्मावर चालविलें नव्हतें. कित्येक परिचारक व नातेवाईक हातानें सिलिंडर ओढीत धांवत होते. याज्ञवल्क्याचें वैद्यविषयक वचन घेऊन येथें कांहीं निष्पन्न होणार नाहीं. आमच्या मतें या ठिकाणीं लागू पडतें तें कौटिल्याचें नावेचें वचन. नळाच्या टोंकाशीं निजलेला रोगी हा नावेंतला उतारू होय. त्याचा जीव वैद्याच्या हातांत जितका, तितकाच टांकी, झडप व सांधा यांच्या डागडुजींत आहे. मग प्रश्न येतो तो नावध्यक्षाचा. तो कोण, हें आजच्या व्यवस्थेंत आधीं कोरून ठेवलेलें नसतें. नाव बुडाल्यावर समिति त्याचा शोध घेते, व टांकी एकाची, भरणारा दुसरा, आवार तिसऱ्याचें असें निघतें. त्रिरश्मीवर याच्या उलट आधीं श्रेणीचें नांव आलें, आजारी भिक्षु मागून आला.

वारसांस दिलेल्या साहाय्याची आम्ही अवहेलना करीत नाहीं. मराठेशाहींतही लढाईंत पडलेल्याच्या मुलांस बालपरवेशी मिळे, व ती देणाऱ्या सरकारास कोणीं नांवें ठेविलीं नाहींत. परंतु बालपरवेशी ही मेलेल्याच्या मुलास मिळते. ग्लानभेषज हें जिवंतास मिळावयाचें होतें.

येथें एक आक्षेप येईल तो आम्हींच घेतों. वीस-पंचवीस भिक्षूंचा विहार कोठें, व लाखों वस्तीचें शहर आणि कोट्यवधि यात्रेकरूंचा सिंहस्थ कोठें? शिवाय अक्षय म्हटलेली नीवी अक्षय राहिली नाहीं. कोष्टी, तेली, ओदयंत्रिक यांच्या त्या श्रेणी गेल्या, गोवर्धनाचें नगर जाऊन एक खेडें उरलें, व विहार ओसाड झाले. आक्षेप खरा आहे. दगडावर नांव कोरल्यानें तरतूद चालू राहते असें आम्ही म्हणत नाहीं. ती बंद पडली तर ती कोणाकडून बंद पडली हें मात्र कळतें, आणि जिवंत रोग्याच्या दृष्टीनें हें ज्ञान वेळेवर असणें फार उपयोगाचें.

शेवटीं या मासिकपुस्तकाच्या संग्राहक वाचकांस एक विनंति. नाशिक व त्र्यंबक येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या वंशावळी व येण्याच्या मित्या असतात. शके १७११ च्या सिंहस्थास आलेल्या यात्रेकरूंच्या नोंदी ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं पुढील पिढीच्या सहींत ‘सिंहस्थांत वारले’ अशा अर्थाचा उल्लेख आहे काय, हें पाहावें. संन्यासी व बैरागी यांची गणना त्यांतून व्हावयाची नाहीं, कारण त्यांनीं कुलनाम टाकलेलें असतें. पण चेंगरलेले गृहस्थ त्यांत सांपडूं शकतील, आणि बारा हजारांच्या आंकड्याची एक बाजू तरी तपासतां येईल. त्याचप्रमाणें जुन्या वैद्यघराण्यांच्या दप्तरांत घाटावर किंवा यात्रेंत जखमींच्या उपचाराबद्दल सरकारांतून, संस्थानांकडून अगर पंचांकडून मिळालेल्या नेमणुकीचे कागद असल्यास त्यांची नक्कल मिती, शिक्का व पाठीमागील शेरे यांसह आम्हांकडे पाठवावी. नक्कल मोडींतच असली तरी चालेल. बाळबोध आम्ही करून घेऊं.